दिवाळीच्या सुटीआधीचा आठवडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुटी लागली की शाळेला कुलूप लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत सातपुड्याच्या पायथ्याला पाड्यापाड्यांवर ट्रक येऊन उभे राहतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या, शेळी आणि मुले असे सगळे एकाच ट्रकमध्ये चढते. सुटी संपून वर्ग उघडतो तेव्हा हजेरीवरची नावे तशीच असतात, मुले मात्र गुजरातेत बारडोलीच्या बाजूला किंवा पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या फडावर पोहोचलेली असतात. गाव कोणते, शिवार कोणते, मजुरांची टोळी नेणारा मुकादम कोण, हे शेजारच्या घरालाही नीट सांगता येत नाही. पुढचे चार-पाच महिने शिक्षक जे करतात ती नुसती शोधाशोध असते. म्हणून या पत्रात एकच गोष्ट सांगायची आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलाचे वर्ष वाचवायचे असेल तर ते काम सुटीआधीच्या आठवड्यातच करावे लागते.

खान्देशात विस्थापन म्हणजे नुसती ऊसतोड नव्हे. कापूस वेचणीला आणि वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे आहेत. रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात मध्य प्रदेशातून आलेले बारेला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहणारे शेतमजूर, शेतातच झोपडी करून राहतात. उकाई धरणात गेलेल्या जमिनींमुळे उठलेली नवापूर तालुक्यातली गावे आहेत आणि सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतली बाधित ३३ गावे आहेत. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची जळगावातली वस्ती आजही सिंधी कॉलनी म्हणूनच ओळखली जाते. पण ती माणसे एकदा आली आणि स्थिरावली. आमच्या वर्गातली कितीतरी मुले दरवर्षी उठतात आणि दरवर्षी परत येतात. शाळेची सगळी कागदपत्रे मात्र मूल जूनपासून एप्रिलपर्यंत एकाच जागी बसते असे धरून छापलेली आहेत.

पहिली अडचण नावाची. पटसंख्या ३० सप्टेंबरची धरली जाते, शिक्षकांची पदे त्यावर ठरतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या त्यानंतर निघतात. मुख्याध्यापकापुढे मग दोनच वाटा उरतात. नाव तसेच ठेवले तर महिनोन् महिने गैरहजेरीच्या फुल्या पडतात आणि कुठे कुठे त्या फुल्यांच्या जागी खोटी हजेरी लागते. नाव कमी केले तर मूल शाळाबाह्य ठरते, आणि होळीला परत आल्यावर जनरल रजिस्टरला नव्या नंबरने पुन्हा दाखल होते. चार वर्षांत तीन नंबर पडलेल्या मुलाची जन्मतारीख तिन्ही ठिकाणी एकच असेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. पुढे दहावीच्या अर्जाच्या वेळी तो गुंता सुटता सुटत नाही.

हंगामापुरते जाणाऱ्या मुलाला शाळा सोडल्याचा दाखला देऊ नये, शिक्षण हमी कार्ड द्यावे. हे कार्ड शासनानेच आणले आहे. ते घेऊन मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला त्याच इयत्तेत बसवायचे आणि परतताना त्याच कार्डावर हजेरी व प्रगती लिहून द्यायची, असा त्याचा हेतू. मूळ शाळेत नाव कायम राहते, हजेरीच्या शेऱ्यात ‘हंगामी स्थलांतरित’ आणि कार्ड दिल्याची तारीख येते. कार्डाची रीत फसते ती तीन जागी. एक तर कोरी कार्डे तालुक्यावरून डिसेंबरात येतात. दुसरे, कार्ड मुलाच्या हातात दिले जाते आणि ते पहिल्याच मुक्कामी चुलीपाशी ओले होते. तिसरे, समोरच्या, म्हणजे मूल जिथे गेले तिथल्या शाळेने ते कधी पाहिलेलेच नसते. पहिल्यावर उपाय म्हणजे छापील कार्डाची वाट न पाहणे. शाळेच्या लेटरहेडवर तोच मजकूर, मुख्याध्यापकांची सही, शिक्का आणि शाळेचा यू-डायस क्रमांक (शाळांच्या सरकारी संगणक-नोंदीतला) घालून दिला तरी समोरच्या शाळेला मूल बसवून घ्यायला तेवढे पुरते. दुसऱ्यावर उपाय सोपा आहे, पण तो कोणी केलेला दिसत नाही: कार्ड जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात द्यावे, मुलाच्या किंवा बापाच्या नव्हे. आधार आणि रेशनकार्ड ज्या पिशवीत असते ती पिशवी घरात आईच सांभाळते.

त्या पिशवीत आणखी काय असावे, हे अनुभवाने ठरत आले आहे. आधारची झेरॉक्स. मुलाचा पेन क्रमांक, म्हणजे यू-डायस प्लसवरचा कायमचा शैक्षणिक क्रमांक, ठळक अक्षरात. दोन शंभरपानी वह्या, एक पाटी, पेन्सिलींची डबी, मराठी आणि गणित एवढीच दोन पुस्तके. सगळी पुस्तके दिली तर ओझे म्हणून सगळीच मागे राहतात, दोन दिली तर दोन्ही जातात. वहीच्या पुठ्ठ्यावर शिक्षकाचा मोबाइल क्रमांक मोठ्या आकड्यांत लिहावा, कारण फडावर फोन असतो पण नंबर नसतो. एका मुलामागे हा खर्च दीड-दोनशे रुपयांच्या आसपास बसतो आणि संयुक्त शाळा अनुदानातून तो सहज भागू शकतो. अडचण पैशाची नाही. प्रथम सत्राची चाचणी, तिची गुणनोंद आणि पोषण आहाराचा ताळेबंद नेमका याच आठवड्यात येतो आणि या पिशव्यांना हात लावायला कोणी मोकळे नसते.

पिशवीतला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे पातळीची चिठ्ठी. ‘इयत्ता तिसरी, श्रेणी ब-२’ एवढ्यावरून समोरच्या शिक्षकाला काहीही कळत नाही. चिठ्ठी अशी हवी: अक्षरे सगळी ओळखतो, काना-मात्रा वाचतो, उकार चुकतो, जोडाक्षरे येत नाहीत, चार ओळींचा परिच्छेद बोट ठेवून वाचतो, ९९ पर्यंत संख्या वाचतो, पण सांगितलेली संख्या लिहिताना एकक-दशक उलटे पडतात, हातच्याची बेरीज येते, उसन्याची वजाबाकी नाही, पाढे पाचपर्यंत, घरची बोली पावरी, उजव्या कानाने कमी ऐकतो म्हणून डावीकडून बोलावे, धाकटी बहीण पहिलीत, तिची चिठ्ठी सोबत. हे लिहायला मुलामागे पंधरा मिनिटे लागतात. बारा मुले जाणार असतील तर तीन तास होतात. ही चिठ्ठी नसली की समोरचा शिक्षक मुलाला पुन्हा ‘अ आ इ ई’पासून बसवतो. मूल कंटाळते आणि चौथ्या दिवशी येईनासे होते.

पत्ता आईबापांना विचारून मिळत नाही. ‘बारडोलीकडे’, ‘कारखान्यावर’ एवढेच कळते. पत्ता मुकादमाला माहीत असतो, आणि मुकादम पाड्यावर येतो तो उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाटायला किंवा दसऱ्याच्या सुमाराला टोळी पक्की करायला. शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका पालकाने त्याच वेळी त्याच्याकडून कारखान्याचे नाव, तालुका, पडाव पडणार ते गाव आणि त्याचा स्वतःचा फोन एवढे लिहून घ्यावे. गुजरातेत तोडणीवाल्यांच्या मुक्कामाला पडाव म्हणतात. एका शिवारातला ऊस संपला की पडाव हलतो, म्हणून जानेवारीत एकदा पुन्हा फोन करावा लागतो. शिक्षकाने फोन केला तर मुकादम कधी कधी टाळतो, कोणी तपासणीला येईल अशी त्याला धास्ती असते. पालकाने केला तर तो बोलतो.

यू-डायस प्लसच्या बाबतीत एक सावधगिरी. मूळ शाळेने मुलाला ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, टाकले म्हणजे नवी शाळा त्याला तिथून आपल्याकडे ओढून घेते, आणि पेन क्रमांक देशभर एकच असल्याने दुसऱ्या राज्यातली शाळाही ते करू शकते. कायमचे गेलेल्या मुलासाठी हे ठीकच आहे. पण समोरच्या शाळेने दाखल करून घेतल्याचा फोन येण्याआधीच सोडून दिले तर मूल दोन्हीकडच्या यादीतून जाते आणि संगणकापुरते ते कुठेच शिकत नसते. आधी फोन, मग ड्रॉपबॉक्स. हंगामी मुलाला त्यात टाकूच नये.

काही मुलांना न्यावेच लागू नये यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. मूल आजी-आजोबांकडे राहते आणि सकाळ-संध्याकाळचे जेवण शाळा व्यवस्थापन समितीमार्फत मिळते. ही योजना चांगली आहे. तिचे यश फक्त तारखेवर अवलंबून असते. मंजुरी दसऱ्यापर्यंत हातात असली तर शिक्षक आईला सांगू शकतो की ठेवून जा, इथे जेवण आहे. मंजुरी दिवाळीनंतर आली तर मूल गाडीत बसून गेलेले असते आणि जेवण रांधणाऱ्या बाईपुढे मुलेच नसतात. आणखी एक गोष्ट कागदावर दिसत नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला आई नेते ती कोयता चालवायला नव्हे, तान्ह्या भावंडाला सांभाळायला. तान्हे मूल आईबरोबर जाणारच, म्हणून मुलगीही जाते. फडाजवळच्या गावात अंगणवाडीने ते तान्हे मूल घेतले तरच ती मुलगी तिथल्या शाळेत बसू शकते. नाहीतर भावंडाला कडेवर घेऊन आली तरी तिला वर्गात येऊ द्यावे. लहान मूल रडल्याने जो व्यत्यय येतो तो त्या मुलीचे वर्ष जाण्याइतका मोठा नाही.

आता जिथे मूल येते त्या शाळेविषयी. शिक्षण हक्क कायदा इथे पूर्ण स्पष्ट आहे. कलम ४ नुसार वयानुरूप वर्गात बसवायचे आणि मागे पडलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणातून भरून काढायचा. हे प्रशिक्षण किमान तीन महिने चालवायचे आणि गरज पडल्यास दोन वर्षांपर्यंत वाढवता येते. कलम ५ नुसार दाखला यायचा राहिला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही, आणि कलम १५ नुसार वर्षाच्या मध्ये आला म्हणूनही नाही. कलम ९ मध्ये स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य म्हणून वेगळे लिहिले आहे. तरीही ‘जूनला या’ असे सांगून आईला परत पाठवले जाते. जूनला ती तिथे नसते.

केळीच्या पट्ट्यातल्या शाळांनी एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. मध्य प्रदेशातून आलेल्या मुलाकडे तिकडच्या सरकारचा ओळख क्रमांक, समग्र आयडी, असतो आणि आडनाव बारेला असते. तोच समाज महाराष्ट्रात पावरा म्हणून ओळखला जातो. मध्य प्रदेशाच्या अनुसूचित जमातींच्या यादीत बारेला हे नाव आहे, महाराष्ट्राच्या यादीत पावरा आहे. शाळेत दाखल करताना आधारवर जे आडनाव आहे तेच लिहावे. शिक्षकाने आपल्या मनाने ‘बारेला’चे ‘पावरा’ किंवा ‘पावरा’चे ‘बारेला’ करू नये. एका अक्षराचा फरक पडला तरी संगणक दुसरे मूल समजतो, नवा क्रमांक पडतो, आणि जातीच्या दाखल्याच्या वेळी बाप एका नावाचा व मुलगा दुसऱ्या नावाचा निघतो.

सालदाराचे वर्ष आखाजी (अक्षय्य तृतीया) ते आखाजी. मालक बदलला की कुटुंब आखाजीला नव्या शिवारात जाते आणि शाळेचा निकाल त्याच सुमाराला, १ मेला लागतो. त्यानंतर शाळा बंद. दाखला मागायला कुटुंब येते तेव्हा भेटायला कोणी नसते. म्हणून सालदारांच्या मुलांना निकालाच्याच दिवशी विचारावे की साल कुठे ठरले आहे, आणि जाणार असतील तर प्रगतिपत्रकाबरोबर दाखलाही द्यावा. शेतातली झोपडी गावापासून दोन-अडीच किलोमीटर आत असते. पाचवीपर्यंत शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे. तेवढ्यात नसेल तर वाहतूक भत्त्याचा प्रस्ताव जूनमध्येच पाठवावा. पावसाळ्यात केळीच्या बागांतून जाणारी वाट पाण्याखाली जाते आणि पहिली-दुसरीची मुले तेव्हाच सुटतात.

भाषेचा भाग सर्वांत मोठा आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. आमच्या भागातले पुष्कळ मूल घरी पावरी किंवा भिली बोलते, बाजारात अहिराणी ऐकते आणि शाळेत मराठीला सामोरे जाते. अहिराणी घरातून आलेल्या मुलाला प्रमाण मराठी जवळची वाटते, पण तीही त्याची घरची भाषा नव्हे. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो: डोळा डोया, काळा काया, शाळा शाया. मूल ‘डोया’ लिहिते तेव्हा त्याने ऐकलेले अचूक लिहिलेले असते. तिथे लाल फुली मारण्यापेक्षा दोन्ही शब्द शेजारी लिहून ‘घरी डोया, पुस्तकात डोळा’ असे दहा शब्द एकदा करून घेतले की तो नियम मूल स्वतःच पकडते. भिलीच्या काही बोलींत ‘स’चा ‘ह’ होतो. मूल मोजते ‘सहा, हात, आठ’ आणि वर्ग हसतो. त्या हसण्याने मूल मोजायचे थांबते. शिक्षकाने ‘सात’ हा शब्द बोटांवर दाखवून स्वतः तीनदा म्हणावा आणि पुढे जावे. मुलाकडून वदवून घेण्याचा हट्ट पहिल्या महिन्यात धरू नये. ऐकून नीट कळू लागले की उच्चार मागून येतो.

पहिल्या दिवशी नवीन मुलाला निदान एक वाक्य त्याच्या बोलीत ऐकू यावे. अहिराणीत ‘तुनं नाव काय शे?’ एवढे म्हटले तरी पोर मान वर करते. पावरी, मावची, कोकणी, देहवाली यांतले शब्द पुस्तकातून शोधण्यापेक्षा वर्गातल्याच मोठ्या मुलांकडून गोळा करावेत. पाणी, भूक, पोट दुखते, बाहेर जायचे आहे, पाटी, लिही, थांब, कोणी मारले, घर, आई, असे पन्नास शब्द पुरतात. ते एका पुठ्ठ्यावर देवनागरीत लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवावेत. ‘बाहेर जायचे आहे’ हा त्यातला पहिला. तो मराठीत सांगता न आल्याने पहिलीतले मूल वर्गात भिजते आणि दुसऱ्या दिवसापासून येत नाही. गळतीच्या नोंदीत त्याचे कारण ‘पालकांची उदासीनता’ असे पडते.

घरच्या बोलीतून सुरुवात करण्याची रीत आपल्याच जिल्ह्यात घालून दिलेली आहे. नर्मदाकाठी १९९१ मध्ये चिमलखेडीला नर्मदा बचाओ आंदोलनाची पहिली जीवनशाळा उभी राहिली, तेव्हापासून तिथली मुले आपल्या बोलीतून अक्षराकडे गेली आहेत. सरकारी शाळांना हे उदाहरण लांब शोधायला नको.

गुजरातेतल्या शाळेत चार महिने बसून आलेल्या मुलाची वही हातात घेतली की पहिल्यांदा वाटते, हे सगळे विसरले. तसे नसते. गुजराती लिपीत शिरोरेघ नाही. ग, न, म, त, व, ट ही अक्षरे रेघ काढून टाकली की जवळजवळ तशीच दिसतात, पण क, ख, च, ज, फ, ब, भ, ल, इ यांचे वळण वेगळे आहे. गुजराती ‘र’ आपल्या दोनच्या आकड्यासारखा दिसतो आणि गुजराती पाचाचा आकडा ‘प’सारखा. त्यामुळे मूल ‘२५’ लिहिते तेव्हा मराठी शिक्षकाला ‘२प’ लिहिल्यासारखे दिसते आणि उत्तर चूक धरले जाते. अशा मुलाला पुन्हा अक्षरओळखीला बसवू नये. वेगळ्या वळणाच्या नऊ-दहा अक्षरांचा एकच तक्ता करावा, डावीकडे गुजराती आणि उजवीकडे मराठी. तो आठ दिवस समोर ठेवला की गाडी रुळावर येते. त्याने दोन लिप्या शिकल्या आहेत, हे वर्गासमोर मोठ्याने सांगावे. ज्या पोराला सगळे मागे पडलेला समजत होते त्याच्याकडे तेव्हा मुले वळून पाहतात.

गणितात या मुलांची तयारी शिक्षकाला वाटते त्याहून बरी असते, पण ती तोंडी असते. म्हणून पहिल्या आठवड्यात लेखी चाचणी घेऊच नये. वीटभट्टीवरचे मूल हजाराचा हिशोब जाणते, कारण थापणीची मजुरी हजार विटांवर मिळते. एका ओळीत २० विटा, अशा किती ओळी झाल्या की हजार? पन्नास हे उत्तर ते तोंडाने देते आणि तेच २० × ५० लिहायला सांगितले की थांबते. तोंडापासून कागदापर्यंतचा हा पूल बांधणे हेच शिक्षकाचे काम. टन, क्विंटल, किलो यांची कोष्टके उसाच्या वजनावरून करून घेता येतात. पण एक पथ्य पाळावे. ‘तू किती मोळ्या बांधल्यास?’ असे मुलाला विचारू नये. मुलाने केलेल्या कामाचा हिशोब वर्गात मांडला की ते काम शाळेने मान्य केल्यासारखे होते, आणि मूलही शरमते. गणित टोळीचे, वजनकाट्याचे, ट्रकचे घ्यावे.

ही मुले पहिल्या तासाला झोपतात. टोळी पहाटे तीन-चारला उठते, म्हणून अख्खी कोपी, म्हणजे फडावरची झोपडी, उठते. त्यांना उठवून मागे उभे करण्यात काही साधत नाही. भाषा-गणिताचा तास दुपारच्या जेवणानंतर ठेवावा आणि सकाळी चित्र, कविता, खेळ घ्यावेत. त्यांना सगळ्यांना मिळून एका रांगेत बसवू नये, ती रांग आठवडाभरात ‘ऊसतोडवाल्यांची’ होते. प्रत्येकाला गावातला एक जोडीदार द्यावा, शक्यतो शेजारच्या घरातला. पोषण आहाराचा तांदूळ प्राथमिकला दररोज मुलामागे १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धरला जातो. महिन्याच्या मध्ये वीस मुले वाढली की साठा कमी पडतो, म्हणून ज्या दिवशी मुले आली त्याच दिवशी केंद्रप्रमुखांना लेखी कळवावे. पहिल्या दोन दिवसांत ताट मिळाले नाही तर तिसऱ्या दिवशी मुले येत नाहीत, हे ठरलेले आहे.

परतीची वेळ होळीची. होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराला आणि काठी गावच्या होळीला माणूस कुठेही असला तरी गावाकडे धाव घेतो. त्या आठवड्यात शाळेत आलेल्या मुलांना पहिल्याच दिवशी वार्षिक परीक्षेचे वेळापत्रक ऐकवू नये. हमी कार्ड आणि वही मागून घ्यावी, समोरच्या शाळेने काही लिहिले आहे का पाहावे, सुटीआधीची पातळीची चिठ्ठी काढून तीच पंधरा मिनिटांची पाहणी पुन्हा करावी. बहुतेक मुले वाचनात थोडी मागे आणि तोंडी हिशोबात थोडी पुढे आलेली दिसतात. होळी ते एप्रिल हे पाच-सहा आठवडे सगळा राहिलेला अभ्यासक्रम उरकण्यासाठी नाहीत. त्यात वाचन आणि चार क्रिया एवढेच धरावे. पाचवी आणि आठवीच्या मुलांबाबत अधिक जपावे लागते, कारण २०२३-२४ पासून राज्यात या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आहे आणि नापास झाल्यास पुनर्परीक्षा, तीही न झाल्यास त्याच वर्गात बसणे आहे. पुनर्परीक्षा निकालानंतर दोन महिन्यांच्या आत घ्यायची असते. ऊसतोडीचे कुटुंब त्या काळात पुन्हा कामाला गेलेले असू शकते. म्हणून अशा मुलांच्या पुनर्परीक्षेची तारीख निकाल हातात देतानाच पालकांना लिहून द्यावी, आणि तारीख ठरवताना पावसाळी पेरणीला माणसे गावात असतात तो आठवडा धरावा.

आता धरणग्रस्तांच्या पुनर्वसन वसाहतींबद्दल, कारण त्यांचे दुखणे वेगळे आहे. १९७९ च्या नर्मदा लवादाने पुनर्वसनाच्या गावात दर १०० कुटुंबांमागे तीन खोल्यांची एक प्राथमिक शाळा सांगितली होती. तळोदा आणि शहादा तालुक्यांतल्या वसाहतींत शाळा आहेत, खोल्या कुठे पुरत्या तर कुठे अपुऱ्या. आज तिथे शिकणाऱ्या बहुतेक मुलांनी बुडालेले गाव पाहिलेलेही नाही. त्यांना ‘तुमच्या जुन्या घराचे चित्र काढा’ असे सांगणे निरर्थक आहे. आजोबांना शाळेत बोलावून गावाचा नकाशा फळ्यावर काढून घेतला तर परिसर अभ्यासाचा तो उत्तम तास होतो.

या मुलांना विस्थापन भेटते ते कागदावर. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे जुन्या तालुक्यातली कोतवाल नोंदवही (जन्म-मृत्यूची जुनी नोंद) किंवा आजा-पणजाचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. कुटुंब राहते तळोद्यात, नोंद अक्राणीत किंवा अक्कलकुव्यात. आणि ज्या शाळेच्या जनरल रजिस्टरवर आजोबांचे नाव होते ती शाळा पाण्याखाली आहे. शाळा हलवताना रजिस्टर कुठे गेले, शेजारच्या शाळेला जोडले की पंचायत समितीच्या कपाटात पडले, हे त्या त्या वेळच्या मुख्याध्यापकाला ठाऊक होते आणि ते आता सेवेत नाहीत. दहावीनंतर प्रवेशाच्या रांगेत उभा राहिलेला मुलगा दोन तालुक्यांच्या कचेऱ्यांत पंधरा दिवस घालवतो, तोवर पहिली यादी लागून गेलेली असते.

जिल्हा परिषदेने दोन कामे करावीत, त्यांना वेगळा निधी लागत नाही. बुडीत गावांतल्या प्रत्येक शाळेचे रजिस्टर आज कोणत्या शाळेत किंवा कार्यालयात आहे त्याची गाववार यादी करून वसाहतींतल्या शाळांच्या दर्शनी भिंतीवर लावावी आणि त्या रजिस्टरांची पाने स्कॅन करून ठेवावीत, कारण १९६०-७० सालची शाई आता फिकी पडली आहे. दुसरे, हमी कार्डे आणि हंगामी वसतिगृहांची मंजुरी घटस्थापनेपर्यंत केंद्रशाळेत पोहोचवावी. यंदाची तारीख हुकली असेल तर शाळांनी कार्डाची वाट न पाहता लेटरहेडवरची पत्रे या शनिवारपर्यंत तयार करावीत. मुकादम पाड्यावर यायला लागले आहेत.

आपले,
शहादा-तळोदा परिसरातील काही प्राथमिक शिक्षक
(जि. नंदुरबार)